हुकलेल्या मुहूर्तांचे वाङ्मय

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता कोयनेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे सरकू लागतो, तेथे केरा नदी कोयनेस मिळते त्या संगमाशी पाटण हे तालुक्याचे गाव वसले आहे. आणि ह्या तालुक्यातील एका जुन्या वाचनालयात काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कामासाठी कपाट उघडले असता, मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ आणि शेवट ही तिन्ही गमावून बसलेली एक कादंबरी माझ्या हाती लागली. कोणा बाइंडराने तिला खाकी पुठ्ठा चढविला होता आणि पुठ्ठा नीट बसावा म्हणून कुठल्याशा जुन्या नोंदवहीची चार कोरी पाने मागच्या बाजूस शिवून टाकली होती. छापील मजकूर दोनशे आठव्या पानावर तुटत होता. नायक जंक्शनच्या फलाटावर उभा आहे. सहा वर्षांपूर्वी जिला विचारावयाचे राहून गेले ती नायिका आता दुसऱ्याची पत्नी म्हणून डब्याच्या खिडकीशी बसलेली आहे. गार्डाने शिट्टी फुंकली आहे. आणि पुढचे पान नाही. त्यापुढील कोऱ्या पानावर कोणी शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘शेवटी लग्न होते.’ त्याखाली शाईने, निराळ्या वळणाच्या अक्षरात : ‘होत नाही. मी पुण्यास वाचली आहे.’ आणि त्याखाली तिसऱ्या हाताने, अगदी बारीक : ‘व्हायला हवे होते.’

दुसरे वाक्य लिहिणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे मी पुष्कळ वेळ ताडून पाहिले. परंतु मराठी भूतकाळाची अशी काही खुबी आहे की कर्म सांगितले म्हणजे क्रियापद त्याच्या लिंगाने चालते आणि कर्ता बुरखा पांघरून राहतो. कादंबरी स्त्रीलिंगी, म्हणून ती ‘वाचली’. वाचणारा अगर वाचणारी अज्ञातच. तिसऱ्या वाक्याला तर कर्ताच नाही. तरी त्या तीन ओळींत एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचा इतिहास साठविला आहे असे मला वाटले, आणि तो इतिहास सातारा-सांगलीच्या मुलखाशी किती निकटचा आहे हे ध्यानात येऊ लागले तसतसे मूळ काम बाजूस पडले.

हुकलेल्या प्रेमाची, न घेतलेल्या वळणाची, ‘असे झाले असते तर’ ह्या एका संकेतार्थाभोवती फिरणारी कथा आज इतकी परिचित आहे की ती अनादि असावी असा सहज समज होतो. वस्तुतः मराठीत ती फार उशिरा आली, आणि उशिरा येण्याचे कारण पहिल्यावहिल्या कादंबरीकारांपैकी एकाने स्वतःच सांगून ठेवले आहे. 1868 साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध केली. राजपुत्र, राजकन्या, उद्याने, विमाने असा तिचा थाट. आणि असा थाट का मांडावा लागला ह्याची कैफियत त्यांनी प्रस्तावनेत दिली. तिचा आशय असा, की आपली विवाहाची रीत व इतर काही कारणे ह्यांमुळे आपल्या लोकांच्या नित्य जीवितक्रमात मनोरंजक असे काही सापडतच नाही. लिहिणाऱ्याने अद्भुताकडे न वळावे तर जावे कोठे? पुढच्या टीकाकारांनी रिसबुडांची ह्याबद्दल यथेच्छ थट्टा केली. परंतु ह्या गृहस्थाने सांगितले ते निव्वळ सत्य होते. संधी हुकावयाची तर आधी ती असावी लागते. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी, मुलाचे पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पत्रिका व गोत्र पाहून, देण्याघेण्याची बोलणी वडिलांनी उरकून ठरत असता, नायकाने नायिकेला विचारावयाचे राहून जाणार तरी कधी? हुकण्याइतका अवकाशच तेथे नव्हता.

जो एक क्षण हुकण्यासारखा होता तो मात्र फार काटेकोरपणे मोजला जाई. घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी लग्नाची वेळ घटिकापात्राने साधीत. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडावयाची. चोवीस मिनिटांनी ती भरून तळाशी जाई, तेव्हा एक घटिका झाली. सूर्य उगवल्यापासून किती वाट्या बुडाल्या ह्याचा हिशेब जोशीबुवा कुंकवाच्या बोटांनी भिंतीवर ठेवीत, आणि शेवटची वाटी बुडण्याच्या बेतास आली म्हणजे मंगलाष्टकांची लय जलद होत होत ‘सावधान’ ह्या शब्दावर येऊन थबके. माजघरातील बायका श्वास रोखून त्या वाटीकडे पाहात. वाटी बुडाली, अंतरपाट दूर झाला, आणि दोन अजाण जीवांचे पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य ठरून गेले. ज्या समाजात मुहूर्त गाठण्याचा एवढा खटाटोप होता, त्याने मुहूर्त हुकल्याची एक अजरामर कथाही सांभाळून ठेवावी हे क्रमप्राप्तच म्हणावे लागेल. आणि ती कथा पाटण तालुक्याच्या उंबरठ्यावरच उभी आहे.

चाफळ हे ह्या तालुक्यातील गाव. समर्थ रामदासांनी 1648 मध्ये येथे रामाची स्थापना केली, आणि रामनवमीचा उत्सव अद्याप तेथे होतो. समर्थांचे चरित्र ज्याला एका वाक्यापलीकडे ठाऊक नाही त्यालाही ते वाक्य ठाऊक असते : बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, ‘सावधान’ हा शब्द त्याच्या कानी पडला, आणि तो सावध होऊन पळाला. ही परंपरेने सांगितलेली कथा आहे. कीर्तनकारांनी ती रंगवून रंगवून सांगितली, शालेय पुस्तकांनी तिचे तात्पर्य काढले. पण अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूस कोणी तरी उभे होते ह्याचा विचार करण्याचे कोणाला सुचले नाही. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार घेतलेली ती मुलगी. कापड दूर झाल्यावर तिला समोर रिकामा पाट दिसला असेल. तिच्याविषयी परंपरा जवळजवळ मुकी आहे. ह्यात समर्थांच्या थोरवीस उणेपणा आणण्याचा हेतू नाही; त्यांनी जे साधले ते घरी राहून साधले नसते. परंतु मराठीतील सर्वांत प्रसिद्ध हुकलेला विवाह पुरुषाच्या बाजूने जगदुद्धाराचा आरंभ ठरला आणि स्त्रीच्या बाजूने कथाही ठरला नाही, एवढे नमूद करून ठेवणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. त्या मुलीची कादंबरी लिहावयास मराठी भाषेला आणखी तीनशे वर्षे लागावयाची होती.

ह्याचा अर्थ असा नव्हे, की तोवर कोणाला दुसऱ्या आयुष्याची ओढ लागतच नव्हती. पहाटेच्या जात्यावर बसणाऱ्या बायकांना ती रोज लागत होती. मात्र त्यांच्या ओव्यांत हरवलेला प्रियकर क्वचितच येतो, हरवलेले माहेर पदोपदी येते. ‘तिकडे असते तर’ ह्यातील ‘तिकडे’ म्हणजे भावाचा वाडा, आईची कूस, गावाकडचा ओढा. उलट बाजूने लावणीने अनुरागाचे सर्व विभ्रम मोकळेपणाने गाइले. परंतु लावणीतील विरहिणीचा सखा आज ना उद्या स्वारीवरून परत यावयाचा असतो, त्यामुळे तिथे विरह आहे, हुकणे नाही. ह्या लावणीच्या पायी एका माणसाने मात्र स्वतःचे अख्खे आयुष्य बदलून टाकले. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866. वतनाने कुलकर्णी, वर्णाने ब्राह्मण. दप्तर बांधून बसावयाचे, जमाखर्च लिहावयाचा, सारावसुलीच्या वेळी पाटलाच्या शेजारी मांडी घालावयाची, असे जन्मतःच आखून दिलेले आयुष्य टाकून ते तमाशात गेले, आणि पठ्ठे बापूराव ह्या नावाने व पवळाबाईच्या साथीने महाराष्ट्रभर गाजले. ज्या काळी जातीबाहेर पाणी पिणे हा अपराध होता त्या काळी एका कुलकर्ण्याने महार समाजातील कलावतीशी जन्माची गाठ बांधावी, ह्यातील धाडस आज कळणार नाही. पुढे दोघांची ताटातूट झाली, आणि 1945 साली बापूराव पुण्यास हलाखीत वारले. संधी घेतली म्हणजे शेवट गोड होतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. कादंबऱ्यांतील नायक न विचारता परत फिरतात आणि उरलेली दोनशे पाने उसासे टाकतात. रेठऱ्याचा हा कुलकर्णी परत फिरला नाही.

कादंबरीला हवा असलेला अवकाश शेवटी निर्माण झाला तो कवींच्या लेखणीने नव्हे, सरकारी गॅझेटातून आणि न्यायालयाच्या कज्ज्यांतून. 1884 साली दादाजी भिकाजीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून पत्नी रखमाबाईवर दावा लावला. अकरा वर्षांची असता लावलेले लग्न आपल्याला बंधनकारक नाही असे तिने उत्तर दिले. मुंबईच्या न्यायालयात व वृत्तपत्रांत तो वाद चार वर्षे पेटत राहिला, आणि अखेर तडजोड होऊन ती विलायतेस गेली व डॉक्टर होऊन परतली. न्यायाच्या दप्तरात नोंदलेले हे मराठी स्त्रीचे पहिले दुसरे आयुष्य म्हणावयास प्रत्यवाय नसावा. 1891 चा संमतिवयाचा कायदा दहा वर्षांची मर्यादा बारावर नेताना केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. 1929 साली सारडा कायदा संमत झाला आणि पुढील एप्रिलपासून मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा अंमलात आली. कायदा मोडणारे पुष्कळ निघाले. तरी मध्यमवर्गात ह्याच सुमारास मुली इंग्रजी शाळेत, क्वचित कॉलेजात जाऊ लागल्या, आणि परकर सुटल्यापासून हळद लागेपर्यंत पाच-सहा वर्षांचा एक मोकळा पट्टा मराठी इतिहासात प्रथमच उघडला. रिसबुडांना जो मिळाला नाही तो हाच. हुकलेल्या प्रेमाचे सारे मराठी वाङ्मय ह्या अरुंद पट्ट्यावर उगवलेले पीक आहे.

ते पीक प्रथम काढणाऱ्यांत चाफळचा एक मुलगा होता, हा योगायोग मला फार मौजेचा वाटतो. यशवंत दिनकर पेंढरकर, म्हणजे कवी यशवंत, ह्यांचा जन्म 1899 मध्ये चाफळास झाला. ज्या गावाने ‘सावधान’ ऐकून पळालेल्या ब्रह्मचाऱ्याचा राम अडीचशे वर्षे पूजिला, त्याच गावात जन्मलेल्या मुलाने पुढे प्रीतीची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर आणून बसविली. त्यांचे शालेय शिक्षण सांगलीस झाले आणि तेथे कवी साधुदासांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्यात यशवंत होते, साताऱ्याकडचेच शंकर केशव कानेटकर म्हणजे गिरीश होते, आणि फारसीचे प्राध्यापक माधव त्र्यंबक पटवर्धन होते. पटवर्धनांनी आपल्या नावापुढे ‘जूलियन्’ हे टोपणनाव लाविले ते मेरी कोरेली ह्या इंग्रज बाईच्या कादंबरीतील एका पात्रावरून. म्हणजे परक्या कादंबरीतले एक आयुष्य त्यांनी सहीपुरते का होईना, उसने घेतले. त्यांचे ‘विरहतरंग’ 1926 चे : कॉलेजातील तरुण-तरुणी, त्यांची ओढ, आणि ताटातूट. गिरीशांनी 1923 मध्ये ‘अभागी कमल’ आणि 1928 मध्ये ‘आंबराई’ लिहिली. पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात ते शिकवीत. यशवंतांची ‘जयमंगला’ 1931 ची. तीत एक प्रेमकथा भावगीतांच्या माळेतून उलगडत जाते. चहाच्या पेल्याभोवती बसून एकमेकांना कविता वाचून दाखविणाऱ्या ह्या मंडळींची पुढे टवाळी झाली, आणि तीतील काही टवाळी योग्यही होती, कारण त्यांचे अश्रू पुष्कळदा कारणापेक्षा जास्त वाहतात. परंतु प्रेम हे विवाहाच्या आधी घडते, ते निष्फळ होऊ शकते, आणि निष्फळ झाले तरी त्याची गोष्ट सांगण्याजोगी असते, ही तीन प्रमेये मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात त्यांनी प्रथम नेऊन ठेवली.

कवितेने उकरलेली जमीन कादंबरीने लागवडीस आणली. विष्णु सखाराम खांडेकर सांगलीचे, जन्म 1898. जन्मनाव मात्र हे नव्हते : गणेश आत्माराम म्हणून जन्मलेला मुलगा चुलत्यांना दत्तक गेला आणि विष्णु सखाराम झाला, पुण्याचे शिक्षण अपुरे राहिले, आणि 1920 साली तो सावंतवाडीकडे शिरोड्यास शाळामास्तर होऊन बसला. दत्तविधान हा आपल्याकडील एक विलक्षण संस्कार आहे. एका मुलाचे बापाचे नाव, घर, वारसा आणि गाव मंत्र म्हणून एका दिवसात बदलतात, आणि ‘तिकडे राहिलो असतो तर’ हा प्रश्न त्याच्या उशाशी जन्मभर ठेवला जातो. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील माणसे सतत दोन वाटांच्या मध्ये उभी का असतात ह्याचे उत्तर मी त्यांच्या दत्तकपत्रात शोधतो, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. ‘दोन ध्रुव’, ‘दोन मने’ ही शीर्षकेच पाहावीत. 1942 च्या ‘क्रौंचवधा’त सुलूचे लग्न डॉक्टर भगवंतरावांशी होते आणि मन दिलीपकडे राहते, 1967 च्या ‘अमृतवेली’त गेलेल्या प्रियकराच्या आठवणीतून जगण्याकडे परत येण्याची वाट शोधली जाते. अलंकारांचा सोस त्यांना सोडवला नाही. पण तालुक्याच्या गावी, कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसून, रात्री उशिरापर्यंत त्यांची पुस्तके वाचणाऱ्या मास्तरणीला आणि तलाठ्याच्या बायकोला आपले कोणी तरी ओळखले असे वाटले, ते अलंकारांमुळे नव्हे.

ही पुस्तके आणि मासिके त्यांच्यापर्यंत पोहोचली कशी, हाही ह्याच मुलखाचा इतिहास आहे. औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर, 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर व यंत्रे ओतणाऱ्या ह्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शंकरराव किर्लोस्करांनी जाहिरातीच्या त्या पत्रकाचे मासिक केले, 1930 साली ‘स्त्री’ काढले, 1934 साली ‘मनोहर’. ज्या आवारात लोखंडी नांगराचे फाळ तयार होत होते त्याच आवारातून मराठी प्रेमकथेचे गठ्ठे टपालाने बाहेर पडत होते. ‘स्त्री’च्या पानांवर प्रौढ विवाह, विधवांचे पुनर्विवाह, नोकरी करणाऱ्या कुमारिका ह्यांची चर्चा चाले, कथाही त्याच विषयांच्या. 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ ह्या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले, आणि शिकलेल्या, कमावत्या, म्हणूनच अविवाहित राहिलेल्या मुलींची कुचंबणा एका स्त्रीने इतकी उघडी केली की लेखिकेचे खरे नाव हुडकून काढण्यासाठी महाराष्ट्र हातघाईस आला. त्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. त्यांचे पती विश्राम बेडेकर ह्यांनी 1939 मध्ये ‘रणांगण’ लिहिले : युरोपातून परतणारी बोट, चक्रधर नावाचा मराठी तरुण, हॅर्टा नावाची निर्वासित ज्यू तरुणी, आणि काही थोडे दिवस. संपूर्ण मराठीत हुकलेल्या प्रेमाची ह्याहून श्रेष्ठ कादंबरी मला दाखविता येणार नाही, आणि ती शंभर-सव्वाशे पानांत संपते. तिच्यात पत्रिका नाही, हुंडा नाही, कर्मठ सासरा नाही. नायकाच्या मनातील एका जुन्या जखमेने आणि जगाच्या एका नव्या रोगाने मिळून काम केले आहे. विलायतेत जेन ऑस्टिन ह्या बाईंनी शंभरावर वर्षांपूर्वी ‘पर्स्वेशन’मध्ये आठ वर्षांनी परत आलेली संधी पदरात घालून नायिकेला सुखी केले होते, बेडेकरांच्या बोटीला परतीचे बंदरच नाही.

येथवर जी नावे आली ती बहुतेक पांढरपेशांची आहेत, आणि ह्या वाङ्मयाचा मोठा दोष हाच आहे. सातारा-सांगलीचा इतर समाज काय हुकवीत होता, काय गमावीत होता, ह्याची दखल त्याने जवळजवळ घेतली नाही. 1943 ते 1946 ह्या काळात ह्या मुलखात प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी न्यायनिवाडे केले, सावकारांना वचक बसविला, आणि हुंडा, वाजंत्री, जेवणावळी ह्यांना फाटा देऊन थोडक्या खर्चात लग्ने लावली. लोक त्यांना गांधी विवाह म्हणत. घटिकापात्रावाचून, एका हाराच्या मोबदल्यात लागलेल्या ह्या लग्नांवर एखादी उत्तम प्रेमकथा लिहिली जावयास हरकत नव्हती. त्या काळची मासिके मात्र पुण्याच्या टेनिस कोर्टाभोवती घोटाळत होती.

पाटणच्या खोऱ्यात तर प्रत्येक घरात एक न लिहिलेली कादंबरी होती. डोंगरउताराची नाचणी, खाचरातला भात, चार महिने कोसळणारा पाऊस; एवढ्यावर कुटुंब पोसत नसे, म्हणून मिसरूड फुटलेला मुलगा मुंबईस गिरणीत नाही तर गोदीत जाई, गावाच्या मंडळाच्या खोलीत ट्रंक ठेवण्याइतकी जागा मिळवी, पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवी. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे ह्याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. लग्न गावी होई. नवरा पंधरा दिवसांनी परत जाई. पुढची भेट शिमग्याला नाही तर जत्रेला. मधल्या काळात मनिऑर्डर आणि पत्र. पत्र लिहावयाचे ते शाळामास्तरांकडून. ओट्याच्या कडेला, पदर डोक्यावरून पुढे ओढून बसलेली बाई, आणि समोर टाक शाईत बुडवून बसलेले मास्तर. ‘पत्रास कारण की’ एवढे त्यांनी न विचारताच लिहून ठेवलेले. मग ती सांगे : म्हातारीचा खोकला, म्हशीचे वेत, बांधावरून झालेले भांडण, धाकट्याची फी. कारण म्हणून जे मनात असे ते मास्तरांना सांगण्यासारखे नसे. मास्तर वाचून दाखवीत, ती मान हलवी, आणि पत्र मुंबईस जाई. तेथे ज्याला ते पोहोचे त्यालाही पुष्कळदा ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. दोन माणसांच्या संसारात दोन तिऱ्हाइतांचे आवाज. पन्नास-पन्नास वर्षांची लग्ने ह्या खोऱ्यात अशी पार पडली की नवराबायकोच्या सहवासाचे दिवस मोजले तर ते चार-पाच वर्षांपलीकडे जाऊ नयेत. प्रेम हुकले, पण लग्न हुकले नाही. असला प्रकार आमच्या कादंबरीकारांच्या कोष्टकात बसत नव्हता.

आणि मग धरण झाले. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी कोयनेवर विजेची योजना तपासून पाहिली होती. ती आर्थिक मंदीत बारगळली. ती तेव्हाच उभी राहिली असती तर हे खोरे एक पिढी आधी बुडाले असते, आणि मी ज्या बायकांविषयी लिहितो आहे त्यांपैकी कित्येकींचे माहेर निराळे असते. स्वातंत्र्यानंतर योजना पुन्हा हाती घेण्यात आली, 1954 च्या सुमारास काम सुरू झाले, 1962 पासून वीज मिळू लागली. भिंतीची उंची 103 मीटर. तिच्यामागे पन्नास किलोमीटरपर्यंत पसरलेला शिवसागर. सुमारे शंभर गावे विस्थापित झाली. काही माणसे वरच्या डोंगरावर सरकली, काही कोकणात उतरली, काहींना पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात जमिनी दाखविण्यात आल्या. भूसंपादनाच्या कागदात घर, झाड, विहीर, जमिनीची प्रत ह्या सर्वांची किंमत मांडण्याची सोय आहे. ठरलेल्या पण न झालेल्या सोयरिकीचा रकाना त्यात नाही. नदीच्या अलीकडच्या वाडीतली मुलगी पलीकडच्या वाडीत द्यावयाची, उन्हाळ्यात पात्र ओलांडून माहेरी यावयाचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. आता मध्ये सागर आणि ये-जा लाँचने. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि उरलेल्या भिंतीही पडल्या. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, शहरांतले दिवे लागले, त्या दिव्यांखाली कादंबऱ्या वाचल्या गेल्या. त्यांत कोयनेचे खोरे मला शोधूनही फारसे सापडले नाही.

हुकलेल्या मुहूर्तांचे हे वाङ्मय 1960 नंतर ओसरले. विवाहाचे वय वाढले, कॉलेजे तालुक्याला आली, प्रेमविवाह वर्तमानपत्रात छापण्यासारखी बातमी राहिली नाही. ज्या अरुंद पट्ट्यावर ते पीक येत होते तो रुंद होऊन साधी जमीन बनला. नवकथेने उसासे हद्दपार केले. खांडेकरांना 1974 चे ज्ञानपीठ मिळाले तेही ‘ययाति’ला, म्हणजे पुराणाला, त्यांच्या मास्तरणींना नव्हे. ती पुस्तके आता वाचनालयांच्या खालच्या फळीवर, वाळवीच्या अधिक जवळ, पडून आहेत आणि वार्षिक तपासणीत ‘जीर्ण, निर्लेखित’ असा शेरा मारून रद्दीत जात आहेत. त्यांच्यातील सर्व जपण्यासारखी आहेत असे माझे मत नाही. पण समासातील शिसपेन्सिलीची अक्षरे मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत, आणि रद्दीवाला ती वजनात धरीत नाही.

तेव्हा वाचकांस एक विनंती आहे. आपल्या माळ्यावर अथवा गावच्या वाचनालयात 1930 ते 1950 च्या दरम्यानची, दोनशे आठव्या पानावर जंक्शनचा फलाट, गार्डाची शिट्टी आणि डब्याच्या खिडकीशी बसलेली नायिका असलेली कादंबरी आढळल्यास तिचे नाव कळवावे, आणि दोनशे नववे पान शाबूत असेल तर ते आधी कोऱ्या कागदावर उतरून घ्यावे. पाटणच्या प्रतीत मागे अजून तीन कोरी पाने शिल्लक आहेत.